बाटली क्र. ३१: अस्फटिक कॅल्शियम कार्बोनेटच्या नोंदी

१८ जून २०२४, रत्नागिरी

विषय एकदाचा पक्का झाला. अस्फटिक कॅल्शियम कार्बोनेट बनवायचं, त्यात कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) भरायचं आणि ते कोणत्या पीएचला किती वेळात बाहेर पडतं ते मोजायचं. मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत त्याचं इंग्रजी लघुरूप लिहिलं, ‘एसीसी’. घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, “एमएस्सी करून सिमेंटवर प्रोजेक्ट?”

पहिल्या पानावर मूळ मुद्दा लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला नको. कॅल्शियम कार्बोनेटची निर्जल स्फटिक रूपं तीन: कॅल्साइट, अॅरॅगोनाइट, व्हॅटेराइट. संगमरवर आणि चुनखडी म्हणजे कॅल्साइट. शिंपल्यात बरेचदा कॅल्साइट आणि अॅरॅगोनाइट दोन्ही असतात. एसीसी या तिघांच्या रांगेत बसत नाही. त्यात आयनांची शिस्तबद्ध मांडणी नाही, आणि साधारण एका कार्बोनेटमागे एक पाण्याचा रेणू अडकलेला असतो. कॅल्साइटचा विद्राव्यता गुणाकार (पदार्थ पाण्यात किती विरघळतो त्याचं माप) १० चा उणे ८.४८ वा घात, तर एसीसीचा उणे ६.३९ वा. दोन आकड्यांतला फरक छोटा दिसतो, पण ते घात आहेत. गुणाकारात तो सव्वाशे पटींच्या आसपास जातो. म्हणूनच हा पदार्थ कामाचा, आणि म्हणूनच तो टिकत नाही.

औषधवाल्यांना तो आवडण्याचं कारण साधं आहे. सौम्य आम्लात विरघळतो, मागे कॅल्शियम आणि कार्बन डायऑक्साइड एवढंच उरतं आणि शरीराला दोन्ही ओळखीचे. शिवाय मांडणी ढिली असल्यामुळे पोटात पाहुणा ठेवून घेतो. स्फटिक वाढताना परक्या रेणूला सहसा बाहेर ढकलतो.

२४ जून

पहिली खेप. ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइड आणि ०.१ मोलर सोडियम कार्बोनेट, दोन्ही ५० मिली, खोलीच्या तापमानाला, एकदम ओतले. क्षणात दूध. मला वाटलं झालं काम. फिल्टर पेपर तुंबला, व्हॅक्यूम पंपाने कुरकुर केली, गाळायला वीस मिनिटं गेली. पाण्याने दोनदा धुतलं, ओव्हनमध्ये ८० अंशांवर वाळवलं. छान मऊ पांढरी पावडर मिळाली.

मॅडमनी ती चिमटीत धरून विचारलं, “पाण्याने धुतलंस? आणि ओव्हन?” पुढे काही बोलल्या नाहीत. मग वाचलं तेव्हा कळलं की पाण्यात असं पडलेलं एसीसी काही मिनिटांत व्हॅटेराइट आणि कॅल्साइट होऊन जातं. मी त्याला वीस मिनिटं पाण्यात बसवून वर शेक दिला होता. बाटली क्र. १, लेबलवर ‘खडू’.

२ जुलै

सगळं बर्फात. दोन्ही द्रावणं ४ अंशांच्या खाली आणली, ओतली, अर्ध्या मिनिटात गाळायला घेतली, पाण्याऐवजी थंड अल्कोहोलने आणि शेवटी अॅसिटोनने धुतलं. ओव्हन नाही, डेसिकेटरमध्ये (ओल लागू न देणाऱ्या बंद काचेच्या भांड्यात) व्हॅक्यूम.

अल्कोहोलसाठी लॅब सांभाळणाऱ्या नानांच्या कपाटाची किल्ली लागते. परवान्याचा माल, म्हणून रजिस्टरमध्ये मिलिलिटरची नोंद आणि सही. नानांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “काय गो, खडू धुवायला ह्याच्यात?” मी हो म्हटलं.

७ जुलै

आयआर (अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखणारं) यंत्र आमच्याकडे नाही; नमुने कोल्हापूरला न्यावे लागतात आणि नंबर आठवड्याने लागतो. तोवर घरचा उपाय. दोन बंद पडलेले कॅल्क्युलेटर फोडले, पडद्यावरची पोलरॉइड फिल्म सोलून काढली. एक तुकडा सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यावर, दुसरा आयपीसवर, एकमेकांना आडवे. मैदान काळं झालं.

कॅल्साइट प्रकाशाला दोन वाटांनी जाऊ देतो, आणि त्या दोन वाटांच्या अपवर्तनांकांत फरक ०.१७२, म्हणजे खनिजांमध्ये भलताच मोठा. त्यामुळे बाटली क्र. १ चे कण काळ्या मैदानात ठिणग्यांसारखे चमकले. बाटली क्र. ४ (बर्फातली) काळीच्या काळी. एसीसीला दिशा नाही, म्हणून चमक नाही. एक रुपया खर्च न होता पहिली खरी चाचणी हाताशी आली. इतका आनंद झाला की सगळ्या वर्गाला बोलावून दाखवलं; दोघांनी फक्त कॅल्क्युलेटर कुणाचा होता ते विचारलं.

१२ जुलै

कोल्हापूर. सकाळची एसटी, आंबा घाटात ढग गाडीच्या आत. चार तासांनी पोचले तेव्हा पिशवी ओलसर, बाटली मात्र झाकण घट्ट.

आयआरचा निकाल: ७१३ आणि ८७५ प्रति सेंटिमीटर. ७१३ ची पट्टी कॅल्साइटची सही आहे. एसीसीमध्ये तिथे काही नसायला हवं, आणि ८७५ च्या जागी ८६५ च्या आसपास रुंद पट्टी हवी. म्हणजे बाटली क्र. ४ मधलं कॅल्साइट झालं होतं. परवा पोलरॉइडखाली काळं दिसलं होतं आणि आज यंत्र वेगळं सांगतंय. परतीच्या गाडीत झोप लागली नाही.

१३ जुलै

परत येऊन पोलरॉइडखाली उरलेली पावडर बघितली. चमकत होती. यंत्राची चूक नव्हती. पावडर मधल्या दिवसांत पलटली होती.

संशय दोघांवर. एक, हवा. इथे जुलैत आर्द्रता नव्वदीत असते. भिंतीवर हात ठेवला तरी ओला होतो. दोन, आयआरसाठी पावडर पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर खलात घोटून, दाबून चकती करतात. एसीसीला दाब आणि घोटणं दोन्ही सोसत नाही, आणि पोटॅशियम ब्रोमाइड स्वतः ओल ओढतं. म्हणजे मोजायला नेलं की पदार्थ बदलतो, आणि मग आपण बदललेला पदार्थ मोजून मूळ प्रयोगाला नावं ठेवतो.

२० जुलै

म्हणून बर्फातली एकच ताजी पावडर चार ठिकाणी वाटली. पहिली कागदाच्या पुडीत. दुसरी नुसत्या झाकणबंद बाटलीत. तिसरी बाटलीत, सोबत सिलिका जेलचे निळे मणी. चौथी लॅबच्या डेसिकेटरमध्येच ठेवली, ती हलली नाही. पहिल्या तिघी माझ्याबरोबर कोल्हापूरला आणि परत, स्टीलच्या डब्यात. आयआरवाल्या सरांना चकतीऐवजी एटीआरवर, म्हणजे आयआरच्याच दुसऱ्या पद्धतीने, घ्यायची विनंती केली. त्यात दाब कमी लागतो आणि घोटावं लागत नाही.

कागदाची पुडी: ७१३ ठळक. नुसती बाटली: ७१३ बारीक, पण आहे. सिलिका जेलवाली: ७१३ नाही, ८६४ वर रुंद पट्टी, १४०० च्या पलीकडे दोन उंचवटे आणि ३३०० च्या भागात पाण्याचा मोठा ढिगारा. हे एसीसी. माझं एसीसी! यंत्रासमोर उभी राहून मी “अरे वा” असं मोठ्याने म्हटलं आणि रांगेतले लोक बघायला लागले.

निष्कर्ष पानभर लिहिण्याची गरज नाही: पहिला महिना मी बीकरला दोष देत होते आणि गडबड एसटीत होत होती. निळे मणी एका दिवसात गुलाबी होतात. दर संध्याकाळी ११० अंशांवर भाजून पुन्हा निळे करायचे, हे आता माझं रोजचं काम, चुलीवर पापड भाजल्यासारखं.

३० जुलै

मॅग्नेशियम. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या पाचपट मॅग्नेशियम असतं, मोलांच्या हिशोबात. मॅग्नेशियमचा आयन आपल्या भोवतीचे सहा पाण्याचे रेणू सहजी सोडत नाही. कॅल्शियम भराभर सोडतो. स्फटिकात बसायचं तर पाणी टाकून द्यावं लागतं, म्हणून मॅग्नेशियम अडथळा होतो. पाच कॅल्शियमला एक मॅग्नेशियम घेतलं. बर्फातल्या पाण्यात जे अर्ध्या मिनिटात गाळावं लागत होतं, ते आता पाऊण तास बसूनही पोलरॉइडखाली काळं.

सायट्रेटही करून बघितलं. टिकलं, पण पावडर चिकट झाली आणि गाळताना रडवलं. मॅग्नेशियमवर थांबते.

६ ऑगस्ट

आज लॅबमध्ये काही झालं नाही, वीज गेली होती. वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे गेले. त्यांनी दारातल्या कुंडीतलं रबराच्या झाडाचं पान तोडलं, ब्लेडने पातळ काप काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पानाच्या वरच्या थरात मोठ्या पेशी, आणि प्रत्येकीत देठाला लटकलेला द्राक्षाच्या घडासारखा गोळा. सिस्टोलिथ. बीएस्सीला हे चित्र पाठ केलं होतं, ‘कॅल्शियम कार्बोनेटचे निक्षेप’ एवढं लिहून दोन गुण घेतले होते. ते एसीसी असतं हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

माझे पोलरॉइड लावले. देठ थोडा उजळला, तो सेल्युलोजचा. गोळा काळा. कडेने सौम्य आम्लाचा थेंब सोडला तर बुडबुडे. म्हणजे भर पावसात, उघड्यावर, कुंडीतलं एक झाड जे करतंय ते मला डेसिकेटरमध्ये जमत नाही!

झाड एकटं नाही. सी अर्चिनच्या अळीचे काटे आधी अस्फटिक असतात आणि मग हळूहळू कॅल्साइट होतात, हे इस्रायलच्या वायझमन इन्स्टिट्यूटमध्ये लिआ अदादी आणि स्टीव्ह वायनर यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं. गोड्या पाण्यातला क्रेफिश कात टाकण्याआधी जठरात एसीसीचे खडे साठवतो आणि कात टाकल्यावर तेच कॅल्शियम नव्या कवचाला वापरतो. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की क्रेफिशमध्ये एसीसी धरून ठेवायला मदत करणारे दोन रेणू पेशीत साखर जळण्याच्या वाटेवरचेच, फॉस्फेटवाले आहेत. फॉस्फेट हा शब्द अधोरेखित करून ठेवते.

१४ ऑगस्ट

कर्क्युमिन घातलं आणि बीकरमध्ये कुंकू झालं.

अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं पिवळंधमक कर्क्युमिन कार्बोनेटच्या द्रावणात पडलं तशी लाली पसरली. कार्बोनेट अल्कली, पीएच ११ च्या आसपास, आणि अल्कलीत कर्क्युमिन लाल होतं. अर्ध्या तासाने लालीचा मळकट तपकिरी रंग झाला. हे जास्त वाईट. कर्क्युमिन अल्कलीत फक्त रंग बदलत नाही, तुटतं. पीएच ७.२ च्या साध्या बफरमध्येसुद्धा (बफर म्हणजे पीएच धरून ठेवणारं द्रावण) ३७ अंशांना अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के संपतं, असं १९९७ चं काम आहे. माझ्या ११ ची काय कथा.

आजीला फोनवर रंग सांगितला. म्हणाली, “हळद-चुना. त्यात काय नवीन?” मग तिनेच दुरुस्त केलं: तिच्या आईच्या घरी कुंकू करायचे ते लिंबाचा रस आणि टाकणखार घालून, चुना नाही. फरक बारीक नाही. चुन्याची लाली अल्कलीची; लिंबू पिळलं की परत पिवळी. टाकणखाराची लाली बोरॉनची. ती आम्लात येते. बोरॉन मोजण्याची जुनी पद्धत याच रंगावर उभी आहे. मी आईला लगेच सांगितलं तर ती म्हणाली, “परीक्षेत विचारणार आहेत का?”

पाण्यातली पद्धत बंद. अल्कोहोलमधली बघायची.

२२ ऑगस्ट

नवी पद्धत. १५० मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, त्याच्या पाचव्या हिश्श्याचं मॅग्नेशियम क्लोराइड आणि १० मिलिग्रॅम कर्क्युमिन, सगळं १०० मिली अल्कोहोलमध्ये. बीकरवर भोकं पाडलेली फिल्म. बीकर बंद डेसिकेटरमध्ये, शेजारच्या वाटीत अमोनियम बायकार्बोनेट. ते हळूहळू अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन उडतं आणि बीकरमध्ये उतरतं. सगळं अल्कोहोलमध्ये घडत असल्यामुळे पाणी नावापुरतं, आणि कण शंभर नॅनोमीटरच्या घरातले राहतात. कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन याच प्रकारे भरून वर सिलिकाचं कवच चढवल्याचं काम २०१५ मध्ये आलं आहे. आमच्याकडे सिलिकाचं साहित्य नाही, म्हणून माझे कण उघडेच.

अमोनियम बायकार्बोनेटचा पुडा पुण्याहून मामेभाऊ घेऊन आला. तिकडे गणपतीच्या वेळी ते घरोघर लागतं. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती बादलीत ठेवून हे घातलं की प्लॅस्टर विरघळतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली पद्धत. तळाशी काय बसतं? कॅल्शियम कार्बोनेट. वर अमोनियम सल्फेट, ते झाडांना खत. त्या बादलीत पहिल्या क्षणी एसीसी पडत असणार, असं माझं मत; मूर्तीसमोर पोलरॉइड लावायला मात्र कुणी देणार नाही.

४ सप्टेंबर

सहा खेपा झाल्या. प्रत्येक वेळी आधी निळसर धूसरपणा येतो, टॉर्च मारली की किरण दिसतो, मग पिवळं दूध. अमोनियामुळे थोडी नारिंगी छटा येते, वाळल्यावर जाते. कण इतके बारीक की आमचा सेंट्रिफ्यूज तासभर फिरवावा लागतो. एका खेपेत ८५ मिलिग्रॅमच्या आसपास पावडर.

परवापासून गणपतीची सुट्टी. कोकणात या आठवड्यात कुणी प्रयोगाचं नाव काढत नाही. बाटल्या क्र. २६ ते ३१ डेसिकेटरमध्ये, ताजे भाजलेले मणी घालून, व्हॅक्यूम लावून ठेवल्या. नानांना सांगितलं, डेसिकेटर उघडू नका. नाना म्हणाले, “मीच गावाक चाललंय.”

१३ सप्टेंबर

गौरी-गणपती आटोपून आले. सहाही बाटल्या पोलरॉइडखाली काळ्या. मणी निळेच. सुट्टीने मला स्थैर्याची चाचणी फुकट करून दिली.

२४ सप्टेंबर

किती कर्क्युमिन भरलं ते मोजलं. पावडर आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये विरघळवली, ४२५ नॅनोमीटरला शोषण घेतलं. १०० मिलिग्रॅम पावडरमध्ये ४.४ मिलिग्रॅम. मग दुसरा नमुना आधी अल्कोहोलने धुतला आणि पुन्हा मोजला: २.९. म्हणजे तिसरा हिस्सा नुसता बाहेर चिकटलेला होता. घातलेल्या १० मिलिग्रॅमपैकी खरोखर आत गेलं ते पाव भाग. न धुता मोजून मोठा आकडा लिहिण्याचा मोह मॅडमनी एका नजरेत मोडला.

३ ऑक्टोबर

सोडण्याची चाचणी, आणि एक लाजिरवाणा दिवस.

पीएच ५.५ चं अॅसिटेट बफर, ०.०२ मोलर, ५० मिली, कर्क्युमिन पाण्यात राहावं म्हणून थोडं ट्वीन ८०. त्यात २० मिलिग्रॅम पावडर. पेशीतल्या आम्लधर्मी कप्प्यांसारखं वातावरण म्हणून ५.५. अपेक्षा अशी की पावडर झटकन विरघळेल. थोडी विरघळली आणि अडली. तासभर वाट बघून सहज पीएच मोजला तर सातच्या वर!

हिशोब आधी करायला हवा होता. २० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ०.१७ मिलिमोल कार्बोनेट, त्याला पूर्ण विरघळायला ०.३४ मिलिमोल आम्ल हवं. माझ्या बफरमध्ये ५.५ ला मुक्त आम्ल होतं ०.१५ मिलिमोल. पावडरने बफर खाऊन टाकलं. बाटलीवर ५.५ लिहिलेलं होतं, आत ५.५ राहिलंच नव्हतं.

दुसऱ्या बाजूने बघितलं तर हाच गुण औषधाचा आहे. कर्करोगाच्या गाठीभोवतालचा आम्लपणा कमी करायला कॅल्शियम कार्बोनेटचे नॅनोकण उंदरांवर वापरून बघितले गेले आहेत. म्हणजे वाहक स्वतःच परिसर बदलतो. माझ्या बीकरनेही तेच केलं, मला न विचारता.

बफर दसपट तीव्र केलं. पीएच ५.५ वरून ५.६ च्या थोडा पुढे गेला आणि थांबला. पावडर दहा मिनिटांत गायब, द्रावण स्वच्छ पिवळं.

९ ऑक्टोबर

आता पीएच ७.४, रक्तासारखा. सगळे पीबीएस, म्हणजे फॉस्फेटचं बफर वापरतात, मीही वापरलं. सहा तासांत अगदी थोडं कर्क्युमिन बाहेर, पावडर पोलरॉइडखाली काळी. आलेख काढला: ५.५ ला उभी रेघ, ७.४ ला जवळजवळ आडवी. प्रबंधात छापावा असा आलेख. मित्रमंडळींना फोटोही पाठवला.

रात्री ६ ऑगस्टच्या पानावरचा अधोरेखित शब्द दिसला.

१० ऑक्टोबर

बफरमध्ये १० मिलिमोलर फॉस्फेट आहे. कॅल्शियमला ते फार प्रिय. कर्क्युमिन नसलेली कोरी पावडर घेतली (कर्क्युमिनच्या पिवळेपणात पुढची चाचणी कळली नसती), पीबीएसमध्ये सहा तास ठेवली, गाळून धुतली, नायट्रिक आम्लात विरघळवली, अमोनियम मॉलिब्डेट घालून गरम केलं. पिवळा अवक्षेप, बीएस्सीच्या क्षार-परीक्षेत येतो तसाच. न भिजवलेल्या पावडरीला काही नाही.

म्हणजे कणांवर कॅल्शियम फॉस्फेटचं कवच बसलं होतं. माझी पावडर ७.४ ला स्थिर होती म्हणून कर्क्युमिन धरून बसली, असं नव्हतं; बफरने तिला बाहेरून लिंपलं होतं. फोटो पाठवला होता त्या सगळ्यांना आता काय सांगू?

१७ ऑक्टोबर

काल कोजागिरीचं दूध लॅबच्या गच्चीवर, आणि खाली तीन बीकर रात्रभर ढवळत होते. तिघांतही पीएच ७.४, तिघांतही २० मिलिग्रॅम.

पहिला पीबीएस. दुसरा ट्रिस, हेही बफरच, पण फॉस्फेट नाही. तिसरा ट्रिसच, पण रक्तात असतं तसं २५ मिलिमोलर बायकार्बोनेट आणि १.२ मिलिमोलर कॅल्शियम घातलेला.

पीबीएस: नेहमीप्रमाणे, काळी पावडर, द्रावण फिकट पिवळं.

नुसता ट्रिस: पावडर जवळजवळ सगळी विरघळलेली. आम्लाशिवाय! घातांचा हिशोब मांडला तर ते बरोबरच आहे. ७.४ ला कार्बोनेटचा मोठा भाग बायकार्बोनेट होऊन जातो, त्यामुळे एसीसीसाठी ते पाणी भुकेलेलंच. ‘उदासीन पाण्यात गप्प बसतं, आम्लात उघडतं’ ही पहिल्या पानावरची माझी समजूत इथे गळाली.

बायकार्बोनेटवाला: तळाशी पांढरा थर, पोलरॉइडखाली लखलखाट, छोटे छोटे समभुज तुकडे. कॅल्साइट. आणि कर्क्युमिन सगळं वर द्रावणात. हे पाणी एसीसीसाठी भुकेलेलं, पण कॅल्साइटसाठी तुडुंब. म्हणून एसीसी विरघळतं, शेजारीच कॅल्साइट उगवतं, आणि उगवताना पाहुण्याला दाराबाहेर काढतं.

तीन बीकर, एकच पीएच, तीन वेगळी उत्तरं. ‘७.४ ला इतके टक्के सुटलं’ असं वाक्य मी आता कुठेही वाचलं की आधी विचारणार, त्या पाण्यात आणखी काय होतं. आणि रक्तात तर फॉस्फेटही आहे, बायकार्बोनेटही, मॅग्नेशियमही, वर प्रथिनं. चौथा बीकर लावायचा तर त्यात हे सगळं हवं.

एक सावधगिरी. नुसतं कर्क्युमिन ट्वीनसह ७.४ ला ठेवलेला नियंत्रणाचा बीकर सकाळपर्यंत फिकट झाला होता. म्हणजे सुटलेल्याचा काही भाग मोजण्याआधीच मोडतो, ७.४ चे सगळे आकडे खऱ्यापेक्षा कमी आहेत. मॅडम म्हणाल्या, “हळद सोडून दुसरं औषध घेतलं असतंस तर सहा महिने वाचले असते.” मग थांबून म्हणाल्या, “पण मग कुंकू झालं नसतं.”

११ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला दिवस. बाटली क्र. ३१ चा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची चाचणी) आला. ३० अंशांभोवती अपेक्षेप्रमाणे रुंद टेकाड, आणि टेकाडावर २९.४ अंशांना एक बारीक सुई. कॅल्साइटचं सर्वांत मोठं शिखर तिथेच येतं.

पोलरॉइडखाली ही बाटली अजून काळी आहे. इतके छोटे स्फटिक माझ्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आधीच्या पानांवर जिथे जिथे ‘काळी, म्हणून एसीसी’ लिहिलंय तिथे पेन्सिलीने ‘पोलरॉइडपुरतं’ असं जोडत गेले. अकरा जागा निघाल्या.

दोन महिन्यांत सुईएवढी. मॅग्नेशियम वाढवून पाचास दोन करून बघायचं. चौथ्या बीकरसाठी १ मिलिमोलर फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन. अल्ब्युमिन मागवलंय, आलेलं नाही.

उद्या: मणी भाजणे. ट्रिस ताजं करणे. नानांकडून अल्कोहोल २०० मिली. मागच्या वेळची सही राहिली आहे.